तिसऱ्या आणि चौथ्याच्या मधलं नाणं

वस्तुसंग्रहालयात तिला सगळे नाणेबाई म्हणत. खरं नाव पगारपत्रकावर असेल तेवढंच. चोवीस वर्षं ती तळघरातल्या एकाच खोलीत बसत आली होती. खोलीला एकच खिडकी, तीही छताजवळ. तिच्यातून जाणाऱ्या-येणाऱ्यांचे फक्त पाय दिसत. भिंतींना लागून लोखंडी कपाटं, कपाटांत उथळ खण, आणि खणांतल्या गोल खळग्यांत मेलेल्या राजांचे चेहरे. लग्न का केलं नाही असं कुणी विचारलं तर म्हणायची, "एवढे राजे सांभाळतेय, त्यात आणखी एक कुठे ठेवू?"

नाणं हातात आलं की ती आधी कडा बघायची, मग वजन, मग अक्षरं आणि सगळ्यांत शेवटी चेहरा. चेहऱ्याला भुलणारा या कामात बुडतो, असं ती नव्या माणसांना बजावून सांगायची. स्वतः मात्र ती एका चेहऱ्याला जन्मभर भुलत आली होती. तो तिच्या धाकट्या भावाचा. वडील गेले तेव्हा तो आठ वर्षांचा होता आणि ही सतराची. त्याचा अभ्यास, त्याची आजारपणं, त्याच्या उनाडक्या, सगळं हिने निस्तरलं. आता तो चाळिशीला टेकला होता, बायको होती, जुन्या वस्तूंचं दुकान होतं, तरी आई आणि ही त्याला बाळ्याच म्हणत.

एका रविवारी दुपारी बाळ्या घरी आला आणि जेवणाच्या टेबलावर त्याने रुमाल उलगडला. आत चार सोन्याची नाणी होती.

"ताई, बघ तरी. बघायला काय जातंय?"

दुकानदारांसाठी नाणी तपासायची नाहीत, असा संग्रहालयाचा नियम होता. भाऊ हा दुकानदार नसतो, भाऊ असतो, अशी तिने मनाची समजूत घातली आणि भिंग आणायला उठली.

"कुठून आणलीस?"

"एका म्हाताऱ्याच्या संग्रहातली. पिढ्यान्‌पिढ्या कपाटात पडून होती म्हणे. मुलांना विकायचीत."

तिने पहिलं नाणं कडेला धरून उचललं. बोटांना वजन लागलं आणि तिचा चेहरा उजळला. तराजूवर सात ग्रॅम आणि वर दोन दशांश. मग ती वाचायला लागली, आणि एकदा ती वाचायला लागली की तिला थांबवणं कठीण.

"हा दाढीवाला रोमचा सम्राट, आंतोनिनस पायस. तेव्हाच्या व्यापारातून हे सोनं आपल्याकडे यायचं. अक्षरं राजाच्या डोक्याभोवती गोल फिरतात, ती डावीकडून वाचायची. त्यांच्याकडे 'यू' नव्हता, त्याच्या जागी 'व्ही' कोरायचे. आता उलट बाजू. हा उभा आहे तोही सम्राटच, हातात पृथ्वीचा गोल. आणि हा आकडा बघ, दोन एक्स. म्हणजे वीस. त्याला एक अधिकार दरवर्षी नव्याने मिळायचा आणि तो कितव्यांदा मिळाला ते नाण्यावर घालायचे. विसाव्यांदा. म्हणजे इसवी सन एकशे छप्पन्न संपता संपता, नाहीतर सत्तावन्न."

"खरी आहेत ना पण?"

"थांब जरा. घोड्यावर बसून आलायस का?"

तिने चारही नाणी ओळीने मांडली आणि अचानक हसली. पृथ्वीच्या गोलापासून कडेकडे जाणारी केसाएवढी एक उठावाची रेघ होती. पहिल्या नाण्यावर ती नव्हती. दुसऱ्यावर तिळाएवढी होती, तिसऱ्यावर अर्ध्या वाटेपर्यंत गेली होती आणि चौथ्यावर कडेला टेकली होती.

"नाणं पाडायच्या ठशाला हातोड्याखाली तडा गेलाय," ती म्हणाली. "प्रत्येक घावाला तडा वाढत गेला आणि तो सोन्यात उमटत गेला. चारही एकाच ठशाची. कोणतं आधी पाडलं आणि कोणतं नंतर, तेसुद्धा सांगता येतं. अरे, बनावट करणाऱ्याला हे सुचायचंसुद्धा नाही!"

तिने चारही नाण्यांचे फोटो काढून ठेवले. असं काही रोज बघायला मिळत नाही.

अक्षरांच्या खाचांत राखाडी माती होती, चुन्यासारखी घट्ट बसलेली. कपाटात पिढ्या काढलेल्या नाण्यांत माती उरत नाही. हाताळून हाताळून ती केव्हाच निघून जाते. हे तिला कळलं नाही असं नाही. पण आई आत झोपली होती, चहा टाकलेला होता आणि बाळ्या कितीतरी दिवसांनी असा तिच्याशेजारी बसून ऐकत होता. तिने मातीचा विषय काढला नाही. उलट, आपलं ज्ञान दाखवायची हौस म्हणून ती पुढे बोलून गेली.

"एकही झिजलेलं नाही. म्हणजे टांकसाळीतून निघाली ती एकत्र राहिली आणि एकत्रच पुरली गेली. अशी नाणी कधी चार नसतात, बाळ्या. जिथे चार निघतात तिथे चाळीस असतात. बाकीची अजून तिथेच असतील खाली."

बाळ्याने कप खाली ठेवला. "खरंच?"

"म्हाताऱ्याच्या पणजोबाला विचार," ती म्हणाली आणि दोघं हसले.

यानंतर अडीच महिन्यांनी एका सकाळी फौजदार तिच्या तळघरातल्या खोलीत आला. बरोबर एक बाई होती, पस्तिशीची, हाडकुळी, हातात कापडी पिशवी घट्ट धरलेली. फौजदाराने तिला दाराशी स्टुलावर बसायला सांगितलं आणि टेबलावर एक पाकीट ठेवलं.

"मॅडम, हे काय आहे ते लिहून द्या, म्हणजे आमची फाइल बंद होईल," तो म्हणाला. "गावाबाहेर बंद पडलेली वीटभट्टी आहे ना, तिच्या खाणीत एका माणसाचं प्रेत सापडलं. दरड कोसळून गाडला गेलेला. नऊ दिवस झाले होते. विहिरी खणायचा, साफ करायचा धंदा. बुटात, मोज्याच्या आत हे होतं. घरोघर कामाला जायचा; कुठूनतरी उचललं असणार आणि लपवायला गेला असणार."

"एक नाणं लपवायला कुणी दोन पुरुष खोल खड्डा खणतं का?" दारातून आवाज आला. त्यात रडणं नव्हतं. हे तिने बऱ्याच वेळा बऱ्याच जणांना सांगून झालं असावं.

"ही त्याची बायको," फौजदार म्हणाला. "बसा हो तुम्ही."

पण ती उठून टेबलापाशी आली. "बाई, हे म्हणतात तुम्हाला नाण्याकडे बघून सगळं कळतं. मग एवढंच सांगा, हे कुणाच्या कपाटातलं आहे की जमिनीतलं? माझ्या माणसाने वीस वर्षं लोकांच्या परसात विहिरी उपसल्या. पडलेली भांडी, अंगठ्या, जे निघालं ते मालकाच्या हातात दिलं. आता शाळेत माझ्या मुलीला चोराची मुलगी म्हणतात."

नाणेबाईने पाकीट उघडलं. दाढीवाला सम्राट. सात ग्रॅम आणि दोन दशांश. खाचांत राखाडी, चुन्यासारखी माती.  सवयीने तिने नाणं उलटवलं आणि भिंग डोळ्याला लावलं. गोलापासून निघालेली रेघ अर्ध्या वाटेच्या पुढे गेली होती, कडेला अजून टेकली नव्हती.

तिसऱ्या आणि चौथ्याच्या मधलं नाणं होतं ते. जुने फोटो उघडून बघायची गरजच नव्हती.

"काय मॅडम?"

"जमिनीतलं आहे," ती म्हणाली. स्वतःचाच आवाज तिला लांबून आल्यासारखा वाटला. "हल्लीच निघालेलं. कुणाच्या घरातलं नाही."

विहीरवाल्याच्या बायकोने डोळे मिटले आणि उघडले.

"बाकीचं उद्या लिहून देते," नाणेबाई म्हणाली. "मला ताडून बघावं लागेल."

"कशाशी?" फौजदाराने सहज विचारलं.

"माझ्याकडच्या फोटोंशी," ती म्हणाली, आणि हेही खरंच होतं. तिने त्या नाण्याचाही फोटो काढून घेतला.

दुपारी ती दुकानावर गेली. शटर अर्धं खाली होतं. आत भिंतभर घड्याळं, प्रत्येकात वेगळी वेळ. बाळ्या पितळी दिवा घासत बसला होता. तिला पाहून उठला, हसला, आणि तिचा चेहरा बघून हसू तसंच अर्धवट राहिलं.

"विहिरी खणणारा तो," ती म्हणाली. "पहिली चार त्यानेच आणून दिली होती ना तुला?"

"कोण विहिरी खणणारा?"

तिने खाली पाहिलं. टेबलाखाली जाड दोराचं वेटोळं पडलं होतं. दोराच्या पिळांत राखाडी चिखल वाळून बसला होता. तिची नजर कुठे आहे ते बाळ्याने पाहिलं आणि हातातला दिवा खाली ठेवला.

"ताई, मी मारलं नाही त्याला."

"मारलंस असं मी म्हटलं का?"

"भट्टीच्या खाणीतून कुणासाठी तरी माती काढत होता, तेव्हा ती चार सापडली त्याला. मी म्हटलं, आणखी खोल जाऊ, निम्मी तुझी निम्मी माझी. दोन दिवस खणलं. दुसऱ्या दिवशी दुपारी एक निघालं, मोज्यात ठेवलं, असं तो खालून ओरडला. आणि तेवढ्यात कडा सुटली. कमरेपर्यंत गाडला गेला. दोर त्याच्या काखेतून बांधलेला होता. मी ओढला, ताई, देवाशप्पथ ओढला. हात सोलवटले माझे. हलेना. मग मीच म्हणालो, दोर सोड, वरच्या झाडाला वेढा देऊन पुन्हा टाकतो. त्याने सोडला. मी वर घेतला."

"आणि?"

"वरून आणखी माती यायला लागली."

"दोर पुन्हा टाकलास?"

बाळ्या दिव्याकडे बघत राहिला.

"रस्ता किती लांब होता?"

"दहा मिनिटं."

"गेलास?"

"माणसं आली असती, त्यांच्यामागे पोलीस आले असते. चोरटं खोदकाम. दुकान गेलं असतं, ताई. बायकोला काय तोंड दाखवणार होतो? मला वाटलं, तो निघेल. रोज विहिरीत उतरणारा माणूस, निघेल वाटलं."

"हाका मारत होता?"

"हो."

"किती वेळ?"

"बराच वेळ. मी लांब गाडीत बसून होतो. मग येईनाशा झाल्या."

सगळी घड्याळं आपापल्या चालीने टिकटिकत होती.  नाणेबाईने काउंटरला हात टेकला. आठ वर्षांचा असताना हा मुलगा अंधारात एकटा झोपायला घाबरायचा आणि हिचा पदर मुठीत धरून झोपायचा. तोच हा.

"तूच म्हणाली होतीस," बाळ्या हळूच म्हणाला. "चार निघतात तिथे चाळीस असतात. बाकीची खालीच आहेत. मी आपल्या मनाने नव्हतो गेलो."

तिला वाटलं, त्याच्या थोबाडीत मारावी. पण तो खोटं कुठे बोलत होता? ती शटरखालून वाकून बाहेर पडली आणि घरापर्यंत पायी चालत गेली.

ती पोचायच्या आत फोन पोचला होता. आई खिडकीपाशी भाजी निवडत बसली होती. समोर ढीग होता, पण हात चालत नव्हते. अठ्ठ्याहत्तर वर्षांची बाई. गुडघे गेलेले, कान आणि अक्कल शाबूत.

"बाळ्याचा फोन आला होता," आई म्हणाली. "सगळं सांगितलंन. रडत होता."

"मग तुला माहीतच आहे."

"गेलेला माणूस परत येणार आहे का?"

"नाही."

"मग?"

"त्याच्या बायकोला चोराची बायको म्हणतायत, आई. त्याच्या मुलीला शाळेत ऐकून घ्यावं लागतंय."

"लोक चार दिवस बोलतात आणि विसरतात. त्याची बायको तरणी आहे, निभावून नेईल. मी किती दिवसांची आहे? बाळ्या आत गेला तर तो सुटून यायच्या आधी मी जाईन." आईने पालेभाजीची जुडी उचलली आणि परत ठेवली. "मी तुला खोटं बोलायला सांगत नाहीये. नाणं कसलं, कुणाचं, किती जुनं, काय ते लिहून दे. बाकीचं तुला कुणी विचारलंय? नुसती गप्प बस. जन्मभर त्याच्यासाठी एवढं केलंस, एवढं नाही जमणार?"

नाणेबाई आईसमोर बसली आणि भाजी निवडायला लागली. एक जुडी सोडवत म्हणाली, "तो खाली होता तेव्हा बाळ्याही नुसता गप्पच बसला होता."

आईने तिच्या हातातली जुडी ओढून घेतली.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहा वाजता ती पोलीस ठाण्यात गेली. फौजदाराच्या टेबलावर तिने पाच फोटो ओळीने मांडले, चार आपले आणि मेलेल्या माणसाच्या मोज्यातलं पाचवं तिसऱ्या आणि चौथ्याच्या मध्ये. तड्याची रेघ नखाने दाखवत शेवटपर्यंत नेली. फौजदाराने आधी मान हलवली, मग खुर्ची पुढे ओढून स्वतः भिंग घेतलं.

"म्हणजे पाचही एकाच खड्ड्यातली?"

"एकाच ठशाची, एकाच मातीची, लागोपाठची. दुसरा अर्थ नाही."

"आणि ही चार तुम्ही कुणाकडे पाहिलीत?"

"माझ्या भावाकडे."

फौजदाराचं पेन थांबलं. "सख्ख्या?"

"सख्ख्या. त्याच्या दुकानात टेबलाखाली दोर आहे, त्यावरची माती तपासा. काल होता, आज असेल की नाही सांगता येत नाही."

त्याने भिंग खाली ठेवलं. माणूस वाईट नव्हता, घाईतला होता. "मॅडम, लिहू ना? एकदा लिहिलं की माझ्या हातात राहत नाही."

"लिहा. आणि हेही लिहा की नियम मोडून ती नाणी मी घरी तपासली होती. खाली आणखी असतील, असं मीच त्याला सांगितलं होतं. माती दिसली होती मला, तरी विचारलं नाही."

"हे कशाला? याची गरज नाही."

"आहे," ती म्हणाली.

दोर सापडला. बाळ्याने लपवला नव्हता. आपली ताई असं करणार नाही, याची त्याला खात्री होती. त्याला नेलं तेव्हा तो शटरला कुलूप लावायला विसरला होता आणि शिपाई त्यालाच म्हणाला, "साहेब, कुलूप लावा, चोऱ्या फार होतात."

सरकारी परवानगीने खाणीत नीट खोदकाम झालं. विहीरवाला जिथे गाडला गेला होता तिथून चार हातांवर फुटकं मडकं निघालं आणि त्यात सव्वीस नाणी. ती ओळखायला बाहेरगावाहून दुसरा माणूस बोलावला. नाणेबाईची चौकशी सुरू होती, तिला खोलीच्या किल्ल्या परत कराव्या लागल्या होत्या. ती वरच्या मजल्यावर तिकिटांच्या खिडकीशेजारी बसून पत्रांचे जावक क्रमांक घालत असे. जुने सहकारी जाता-येता मान हलवत आणि पुढे जात. काय बोलावं हे त्यांनाही कळत नव्हतं.

खटला दीड वर्ष चालला. बाळ्याला सात वर्षांची शिक्षा झाली. निकालाच्या दिवशी कोर्टाच्या व्हरांड्यात विहीरवाल्याची बायको तिच्यासमोर येऊन उभी राहिली. आभार मानायला आली नव्हती, भांडायलाही नाही.

"कागदावरून चोर शब्द काढला," ती म्हणाली. "मुलीची शाळा बदलली मी, पण काढला ते बरं झालं." मग तिने विचारलं, "तुमच्या भावाने तुम्हाला सगळं सांगितलं होतं ना? कोर्टात वकिलांनी ते बोलू दिलं नाही. आमचे हे किती वेळ हाका मारत होते?"

 थोडाच वेळ, असं म्हणता आलं असतं. कुणीही तेच म्हटलं असतं.

"बराच वेळ," नाणेबाई म्हणाली.

त्या बाईने मान डोलावली. "आवाज मोठा होता त्यांचा. खालून वर बोलायची सवय." आणि पिशवी छातीशी धरून जिना उतरून गेली.

त्याच आठवड्यात एका सकाळी नाणेबाई चहा घेऊन गेली तर आईने बॅग भरून पलंगावर ठेवली होती. दोन साड्या, औषधांचा डबा, शाल, चष्मा.

"मी बाळ्याच्या घरी जाते," आई म्हणाली. "त्याची बायको एकटी आहे. तिला सोबत होईल."

"तिथे तीन जिने आहेत, आई. तुझे गुडघे."

"एकदा चढले की उतरायचं कुठे आहे मला?"

नाणेबाई कप हातात धरून उभी राहिली. आईने बॅगेची चेन ओढून बघितली, ती अडकली, पुन्हा ओढली.

"तू केलंस ते बरोबर होतं, हे मला कळतं," आई तिच्याकडे न बघता म्हणाली. "मी मूर्ख नाही. त्या माणसाच्या बायकोच्या जागी मी असते तर तुझे पाय धरले असते. पण दीड वर्ष तुझ्या हातचा घास माझ्या घशाखाली उतरत नाही, त्याला मी काय करू?"

तीन जिने चढायला त्यांना अर्धा तास लागला. प्रत्येक वळणावर आई कठड्याला धरून थांबायची. हिचा हात मात्र तिने एकदाही धरला नाही. भावजयीने दार उघडलं. ती वाळली होती. तिने सासूला आत घेतलं, नणंदेच्या हातातली बॅग घेतली आणि दार लावून घेतलं. दार आपटलं नाही, हळूच लावलं.

नाणेबाई जिन्यात उभी राहिली. आतून आईचा आवाज आला, "पाणी दे गं थोडं," आणि भांड्याचा आवाज. मग काही नाही. तिने घड्याळात पाहिलं. पत्रांचं टपाल अकराला निघायचं. ती खाली उतरली.